स्वच्छ नळी

नळी स्वच्छ निघाली. आतून-बाहेरून लखलखीत; गोठलेलं रक्त औषधालाही नाही.

"बघा!" साहेबांनी ती चिमट्यात धरून दिव्यासमोर नाचवली. "तीन महिने मेंढीच्या रक्तवाहिनीत राहिली, पण पाहुणा प्लास्टिकचा आहे याचा रक्ताला पत्ताच नाही!"

प्रयोगशाळेतले सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. आधीच्या मेंढ्यांमधल्या नळ्याही अशाच स्वच्छ निघाल्या होत्या. त्या भरवशावर बाईंनीच गळ घालून थोरल्या भावाच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीत अशीच नळी बसवायला लावली होती. त्याला आता महिना होत आला.

"मूत्रपिंडं उघडून बघू या," बाई म्हणाल्या.

"कशाला? आपण नळी तपासतोय, मेंढी नव्हे."

"नळीत रक्ताची गाठ धरली आणि सुटून गेली असेल तर? नळी स्वच्छच दिसणार. गाठ रक्ताबरोबर खाली जाऊन तिथं अडकणार."

"दुधात मिठाचा खडा टाकायची भारी हौस हो तुम्हाला."

बाईंनी सुरी उचलली. मूत्रपिंडाच्या दोन फाका झाल्या. तांबड्या मांसात पाचरीसारखे फिकट डाग. रक्त न पोचल्यानं मेलेले.

"आधीच्या मेंढ्यांची मूत्रपिंडं?" साहेबांनी हळूच विचारलं.

"पुरून टाकली. कुणी उघडलीच नाहीत," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. दादा होता.

"काय गं चिमे, माझी जुळी बहीण काय म्हणतेय? झाली का पास?" दोघांत एकसारखी नळी, म्हणून मेंढीला तो जुळी बहीणच म्हणायचा.

काल संध्याकाळी मेंढी मजेत चारा खात होती.

"तू कसा आहेस, दादा?"

"ठणठणीत! वहिनी तुझी वैतागलीय, म्हणते आजारी होतास तेच बरं, निदान गप्प तरी होतास. कालपासून कंबरेत तेवढी उसण भरलीय. शेकत बसलोय."

बाईंनी ट्रेमधल्या फाकांवर फडकं ओढलं, जणू त्या फोनमधून त्याला दिसणार होत्या.

"शेकू नकोस. पडून राहा. मी गाडी घेऊन येते."

"अगं वेडे, उसण भरली म्हणून गाडी?"

दादा खो खो हसायला लागला, आणि हसता हसताच कण्हला.