शेजारची जागा

“तुझे बाबा चीनचे हेर आहेत का गं?”

हे विचारायची माझी छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मग काय, अख्ख्या स्कूलबसला ऐकू जाईल अशा आवाजात मी युटिंगला विचारून टाकलं. सगळे खिदळले. मीही.

युटिंगनं रोजच्यासारखी शेजारची जागा माझ्यासाठी धरली होती. आता तिनं आपलं दप्तर पुन्हा त्या जागेवर ठेवलं. “विद्यापीठातही त्यांना हेच विचारलं. प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. या महिन्यात आम्ही अमेरिका सोडून बीजिंगला चाललोय.”

दर शनिवारी बॅडमिंटनहून मला घरी सोडणारे आणि निघताना, मी शिकवल्याप्रमाणे, मराठीत “येतो” म्हणणारे तिचे बाबा मला आठवले.

जेवताना मी घरी सगळं सांगितलं.

“आपलंही ग्रीनकार्ड यायचंय,” आई हळूच म्हणाली. “त्यांच्यापासून जरा लांबच राहा, बाळा.”

“नाही राहणार,” मी म्हणाले. “उद्या बसमध्ये उभी राहून तिची माफी मागणार आहे. प्रश्न सगळ्यांनी ऐकला, माफीही सगळे ऐकतील.”