धुक्यातली होडी

"आधी पासपोर्ट बघ, मग कॉफी विचार," पेन्का म्हणाली.

समोरच्या फ्लॅटमध्ये गेल्याच वर्षी राहायला आलेली ही पेन्का सकाळपासून स्वयंपाकघरात ठाण मांडून बसली होती. येताना चीज घातलेली बनित्सा घेऊन आली होती, आणि बोलता बोलता निम्मी तिनेच संपवली होती.

"भावाकडे पासपोर्ट कसा मागू?"

"अगं नेवेना, इतकी वर्षं ज्याने तोंड दाखवलं नाही तो कसला भाऊ? उद्या म्हणे नोटरीकडे जाऊन अर्धं घर तुझ्या नावावर करणार. फुकट कुणी घर देतं का? सही तुझीच घेईल आणि तुलाच रस्त्यावर काढेल. एखादा जुना फोटो तरी काढून ठेव, चेहरा ताडून बघू."

"अल्बम ओलीने गेला," ती म्हणाली आणि कप पुसत राहिली.

कागदोपत्री हे घर दोघा भावंडांचं. तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्या गेल्या तर तिला जायला दुसरी जागा नव्हती. खिडकीतून डॅन्यूब दिसायची, पण आज तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

कामेन विसाव्या वर्षी मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला, ऑस्ट्रियात उतरला तो उतरलाच. वडिलांनी त्याचं नाव टाकलं. बाप गेला, आई गेली, तरी त्याचे पाय इकडे वळले नाहीत. फोनवर निरोप तेवढे यायचे. शेवटच्या निरोपात त्याने लिहिलं होतं, घराचं बघू, पण आधी एक डाव खेळू. आपला होडीचा खेळ आहे ना अजून?

होता. कपाटाच्या माथ्यावर, जुन्या पडद्यांखाली. 'धुक्यातली होडी' नावाचा सिनेमा त्या काळी याच नदीवर काढलेला. त्यावरून कुठल्याशा कारखान्याने हा पट काढला आणि थोड्या दिवसांत बंदही केला. आज कुणाला नाव विचारलं तर खांदे उडवतील. खोक्यात पट होता, पत्र्याच्या चार होड्या होत्या, कोपरे खाल्लेले पत्ते होते. तळाशी रबरबँड, मेलेल्या मुंग्या आणि डाग पडलेला साखरेचा एक ठोकळा निघाला. तो कचरा तिने नाक मुरडून टाकून दिला. फासा मात्र मिळेना. मग रविवारच्या बाजारातून तिने एक पिवळट, जुना दिसणारा फासा आणून ठेवला. बहिणीने खेळ नीट सांभाळला नाही असं त्याला वाटायला नको.

झाकणावरचे नियमही ती दोनदा वाचून बसली होती.

"विसरायला होतं गं," ती पेन्काला म्हणाली.

"तू विसरलीस तर चालेल. तो विसरला तर समज, भामटा आहे."

बेल वाजली.

दारात एक थोराड, पिकल्या केसांचा माणूस उभा होता. हातात टोपी. त्याने दोन्ही हात पसरले आणि ती क्षणभर जागची हललीच नाही. मग पुढे झाली.

"नेवे," तो म्हणाला.

"ये ना दादा. किती बदललास."

"तूही. रस्त्यात ओळखलं नसतं."

पासपोर्ट मागायचं राहूनच गेलं. त्याचं लक्ष टेबलावरच्या पटाकडे गेलं होतं. तो बसला, चष्मा लावला आणि नदीवरून बोट फिरवत गेला. इथे जकातनाका, इथे भोवरा, इथे जुनी गिरणी. वीज जायची तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात खेळायचो, आई ओरडायची, पडदे पेटवाल म्हणून. बोलताना त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायची त्याला लाज वाटली नाही.

"हो ना," ती म्हणत राहिली. "हो ना."

तिने कॉफी ओतली, साखरेचं भांडं सरकवलं आणि फासा त्याच्यापुढे ठेवला.

"तू आधी टाक, दादा."

त्याने फासा उचलला. बोटांत फिरवला.

"हा कुठला?"

"खोक्यातलाच. पहिल्यापासूनचा."

"असं?" तो म्हणाला आणि फासा खाली ठेवला. साखरेच्या भांड्यातून एक ठोकळा काढला, पण कॉफीत टाकला नाही. "पेन आहे का घरात?"

पेन आणायला ती स्वयंपाकघरात गेली. पेन्का दाराला कान लावून उभी होती.

"बघ," ती कुजबुजली, "फासा नाकासमोर, आणि हा साखरेशी खेळतोय. याने तो खेळ जन्मात पाहिलेला नाही. घालव त्याला."

तिला हायसं वाटलं. हा माणूस खोटा निघाला तर उद्याची सही नको, प्रश्न नकोत, काहीच नको. ती पेन घेऊन बाहेर आली. आवाज तिने धीट केला.

"दादा, या खेळाला साखर नाही लागत."

तो मान खाली घालून ठोकळ्यावर ठिपके काढत होता. एक, दोन, तीन. सहाव्या बाजूला मात्र त्याने पाचच ठिपके काढले.

"त्या वर्षी कारखान्यातले फासेच संपले होते," तो म्हणाला. "एकाही खोक्यात फासा आला नाही. गावातली सगळी पोरं साखरेवर खेळायची. आमच्या ठोकळ्याचा एक ठिपका माझ्या बहिणीने हरल्यावर चाटून टाकला होता. मी निघालो त्या दिवशी तिने तो खोक्याच्या तळाशी ठेवला. परत येशील तेव्हा यानेच खेळू म्हणाली."

त्याने ठोकळा पटावर ठेवला आणि चष्मा काढला.

"आता सांगा बाई, माझी बहीण कुठे आहे?"