आधी ठिपका, मग पाना

"ही तुमचीच पद्धत, काका," दुभाषी ताई कौतुकाने म्हणाली. "इथे सगळे तिला तुमच्याच नावाने ओळखतात."

फोरमनची छाती फुगली. परदेशातल्या मुख्य कारखान्याने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. उद्या सत्कार होता. घरी बायकोने मानपत्रासाठी भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

चाकाचा नट आवळला की त्यावर पिवळा ठिपका द्यायचा, ही जुनी रीत. फोरमनने ती उलटी केली. आधी सगळ्या नटांना एका दमात ठिपके, मग आवळणी. पाना ठेव, ब्रश उचल, ही कटकट वाचली आणि गाड्या झपाझप बाहेर पडू लागल्या.

तेवढ्यात पाळी संपल्याचा भोंगा झाला. लाइनवर समोरच्या कामगाराचे दोनच नट आवळून झाले होते. त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि तो निघून गेला. दुसऱ्या पाळीचा माणूस आला. त्याने पाचही ठिपके पाहिले आणि बटण दाबलं. गाडी पुढे सरकली.

तिकडे फोरमनच्या टोळीत चाक पुरं झाल्याशिवाय कुणी जागचा हलत नसे, भोंगा गेला खड्ड्यात. हललाच तर फोरमनच्या शिव्या खायचा. पण इथल्या साहेबांना पद्धत समजावताना शिव्यांचं काय सांगायचं, म्हणून ते राहूनच गेलं होतं.

आता बोलावं तर सत्कार गेला, कदाचित नोकरीही. गप्प बसावं तर कुणाचा तरी जीव जाणार. त्याला स्वतःचीच भीती वाटली, कारण तो अजून गप्प होता. पुढची गाडी आली. तिच्याही नटांवर आधीच्या पाळीने ठिपके देऊन ठेवले होते, आणि तिला तर कुणी पानाच लावला नाही.

"ताई, लाइन थांबवायला सांगा," तो शेवटी म्हणाला. "ठिपक्यांवर जाऊ नका. खालचे नट सैल आहेत. चूक माझी आहे."

ताईने साहेबांना सांगितलं. लाइन थांबली. फोरमनने सुटकेचा निःश्वास टाकला. अब्रू गेली तर गेली, वेळेवर तोंड उघडलं.

"हे कधीपासून चाललंय?" त्याने विचारलं.

ताई फोन कानाला लावून उभी होती. पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

"महिना झाला," ती म्हणाली. "पहिल्या गाड्या आम्हा कर्मचाऱ्यांनाच दिल्या, काका. आमचे हे आत्ता मुलांना घेऊन त्याच गाडीतून घाट उतरत असतील."