उलटी काच

फोटोत रस्त्याच्या दोन्ही बाजूंची बाकं अगदी सारख्या उंचीची दिसत होती, आणि मधला रस्ता निमुळता होत लांबवर एका टिंबात मिटला होता. निजामाच्या हैदराबादेत फोटोग्राफी शिकून आलेल्या बन्सीधरला पाथरीत नेमकं हेच टिपायचं होतं.

एक बाक दत्तरावांच्या चहाच्या हॉटेलाचं. समोरचं गावकुसाबाहेरच्या सटवाजीसारख्यांसाठी. तो हॉटेलाला जळण आणून टाकायचा, पण चहा तिकडं बसून, वेगळ्या ठेवलेल्या कपातून प्यायचा. लहानपणी गोदावरीत बुडणाऱ्या दत्तरावांना त्यानंच ओढून काढलं होतं. त्याला आपल्या बाकावर बोलवायचं, असं दत्तराव दर पाडव्याला ठरवायचे आणि गाव वाळीत टाकील म्हणून गप्प राहायचे. फोटोसाठीही दोघं आपापल्याच बाकावर बसले होते.

“बन्सी, मला समोरच्या बाकावर कशाला बसवलंस रे?” फोटो बघून दत्तरावांनी विचारलं.

“छापताना निगेटिव्हची काच उलटी पडली, काका. डावं-उजवं बदललं. दोन्ही बाजू इतक्या सारख्या, की माझ्या ध्यानातच आलं न्हाई. दुसरा छापून देतो.”

फोटो पलीकडं गेला. सटवाजी खो-खो हसला.

“मालक, फोटूत तरी मी तुमच्या बाकावर बसलो! गाव बाटलं न्हाई वाटतं?”

गिऱ्हाइकंही हसली. दत्तरावांना मान वर करवेना.



मग ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बन्सी, दुसरा छापू नको. सटवाजी, तो कप फोड आन् इकडं येऊन बस.”