चारशे शेळ्या

"शेळी ही जंगलाची एक नंबरची वैरी," असं निवृत्त रेंजर मनोहरराव देवतळे यांनी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या सरकारी जंगलात उभं राहून जाहीर केलं, आणि समोरच्या ट्रकमधून चारशे शेळ्या उतरायला लागल्या. त्या मागवल्या होत्या त्यांच्याच मुलीनं, उल्कानं. चंद्रपूरकडे त्यांनी चौतीस वर्षं जंगलात शिरलेल्या शेळ्या कोंडवाड्यात घातल्या होत्या. उल्का इथं तीच रेंजरची नोकरी करत होती.

"बाबा, इथं महिनोन्महिने पाऊस नसतो. हे वाळलेलं गवत असंच राहिलं तर एका ठिणगीत खालचं गाव जाईल. शेळ्या ते खाऊन क्लिअर करतात."

"आणि कोवळी रोपं?"

"त्यांना फेन्स केलंय. आठवड्यानं आम्ही शेळ्या पुढं शिफ्ट करतो."

"म्हणजे चौतीस वर्षं मी चुकलो?"

"तसं नाही. पण शेळ्यांनी चरायचं कुठं, हे तुमच्याकडे कोणी ठरवलंच नाही. तुम्ही नुसतं हाकलत राहिलात."

मनोहररावांनी शेळ्यांवरून एकदा नजर फिरवली. त्यातली एकही पकडावीशी वाटेना, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

शेळ्यांबरोबर आलेला पेरू देशातला म्हातारा मेंढपाळ टोपी काढून जवळ आला आणि उल्काशी स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतोय, मी जेवून येतो. तेवढा वेळ तुमचे वडील शेळ्या वळतील का?"