तक्रारदाराचं नाव

रसायनाच्या कारखान्याविरुद्ध आलेल्या जुन्या तक्रारी बघायला डेल्फियानं अर्ज केला होता. सात महिन्यांनी तो मंजूर झाला आणि चार्ल्सटनच्या सरकारी कचेरीत फाइल तिच्यापुढे आली. तिचा नवरा ऑर्विल त्याच कारखान्यात होता. "नदीत विष सोडतात आणि तू मूग गिळून बसतोस!" असं ती त्याला तो मरेपर्यंत सुनावत राहिली होती.

फाइलीत अकरा पत्रं होती. प्रत्येकावर नावाच्या जागी काळी पट्टी. अक्षर मात्र घरातल्या किराण्याच्या यादीवरचं, ऑर्विलचं. खाली दर वेळी तीच ओळ: "घरी फोन करू नका, बायको काळजी करेल."

"नाव तेवढं विचारू नका हं, बाई," कारकून म्हणाला. "कायद्यानं सांगता येत नाही."

"नाही विचारत," डेल्फिया म्हणाली. "त्यालाही कधी विचारलं नाही."