मोरीची गळती

भांडी घासायच्या मोरीचं पाणी भिंतीतून झिरपून आपल्या खाटेखाली येतं, असं सासूबाईंनी सांगितलं तेव्हापासून शोभानं पदर खोचला होता. तिनं मोरीच्या फटी चुन्यानं बुजवल्या, तरी दुपारी खाटेखालची फरशी ओली. भांडी अंगणात घासायला काढली, तरी ओलीच. शेवटी तिनं नीळ कालवून मोरीत बादलीभर पाणी सोडलं. भिंतीच्या अलीकडे निळा थेंबसुद्धा आला नाही.

"उमरखेडहून गवंडी आणतो. मोरीच खोदून काढू," तिचा नवरा यज्ञेश्वर म्हणाला.

"थांबा. मले पाहू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दाराआड उभी राहिली. सासूबाई धडपडत खाटेवरून उठल्या. त्यांचं लुगडं मागून भिजलेलं होतं. त्यांनी उशाचा तांब्या घेतला, पाणी खाटेखाली ओतलं आणि मग हाक मारली, "शोभा, पाह्य वं, मोरी पुन्हा गळून राह्यली!"

शोभा फडकं आणि धुतलेलं लुगडं घेऊन सासूबाईंजवळ गेली. "या मोरीनं तुमचं लुगडंही भिजवलं, मामी. उठा, बदलून देते."

संध्याकाळी यज्ञेश्वरानं विचारलं, "सापडलं का कुठून गळते ते?"

"मोरीच गळते," सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं शोभा म्हणाली. "पण गवंडी कायले? मी पाहून घेईन."